दादासाठी बाळ आणायचं, पण बाळाच्या बाजूने कोण बोलणार?

पत्र पहिलं

ताई नमस्कार, तुमचं सदर मी बरेच दिवस वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदाच. नाव छापू नका प्लीज. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्या रक्तामुळे साठणारं आयर्न उतरवायची गोळी रोज, आणि तरी फेरिटिन, म्हणजे साठलेल्या आयर्नचा आकडा, वाढतच चाललंय. आम्ही दोघंही मायनर आहोत, म्हणजे आजाराचं जनुक आहे पण त्रास नाही, हे तो सात महिन्यांचा असताना कळलं. एकुलता एक आहे. डॉक्टर म्हणतात बोन मॅरो ट्रान्सप्लांट केला तर रक्त चढवणं सुटेल, पण घरात कोणी जुळत नाही, रजिस्ट्रीतही डोनर मिळाला नाही. मग त्यांनीच सांगितलं की आयव्हीएफ करून असा भ्रूण निवडता येतो ज्याला मेजर नसेल आणि ज्याचं एचएलए, म्हणजे मॅरो जुळतो की नाही ते ठरवणारा टिश्यूचा प्रकार, दादाशी जुळेल. माझं वय 34. मिस्टर तयार आहेत. पण दीर म्हणाले, वहिनी हे म्हणजे स्पेअर पार्टसाठी मूल जन्माला घालणं झालं. सासूबाई म्हणतात तपासणारच आहात तर मुलगाच बघा. आणि मला रात्री झोप लागत नाही, कारण हे बाळ मला हवंय की फक्त त्याचा मॅरो हवाय हेच मला नीट सांगता येत नाहीये. उद्या मोठं होऊन त्याने विचारलं तर काय सांगू? आम्ही चुकतोय का?
— एक आई, नाशिक

उत्तर

तुम्ही चुकत नाही आहात, हे आधी सांगते. रक्तविकाराच्या ओपीडीत काउन्सेलिंग करताना हा प्रश्न विचारणाऱ्या आया मला भेटत असतात आणि त्यातल्या एकीचंही दुसऱ्या बाळावर प्रेम नव्हतं असं मला कधी दिसलं नाही. पण एवढं बोलून तुम्हाला मोकळं केलं तर तो तुमच्यावर अन्याय होईल, कारण तुमचे दीर जे बोलले त्यात एक खरा प्रश्न आहे. तो त्यांनी टोचेल असा विचारला, पण आहे खरा.

आधी हिशोब समजून घ्या, कारण क्लिनिकमध्ये हा भाग घाईघाईत उरकला जातो असं माझं मत आहे. दोघं मायनर असलात की दर गरोदरपणात मेजर होण्याची शक्यता चारात एक. एचएलए जुळण्याचीही चारात एक, कारण त्याचा एक संच आईकडून येतो आणि एक वडिलांकडून, आणि दादाला जे दोन आले तेच दोन बाळाला यायला हवेत. थॅलेसेमियाचं जनुक 11 व्या क्रोमोसोमवर आणि एचएलएची जनुकं 6 व्या, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, दोन्ही गोष्टी एकाच भ्रूणात जमून यायला लागतात. गुणाकार केला तर सोळात तीन. दहा भ्रूण तपासले तर सरासरी दोनच्या आसपास कामाचे निघतील, आणि पाचव्या दिवसापर्यंत वाढून तपासण्याजोगे दहा भ्रूण एका सायकलमध्ये, म्हणजे आयव्हीएफच्या एका फेरीत, मिळणं हीच 34 व्या वर्षी नशिबाची गोष्ट आहे. पाचव्या दिवशी, पुढे ज्यापासून वार बनते त्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढून तपासतात, तोवर भ्रूण फ्रीज करून ठेवतात. मग जुळलेला भ्रूण गर्भाशयात सोडला तरी तो रुजेलच असं नाही. इंजेक्शनं, अंडी काढताना भूल, कधी ओव्हरी सुजून अ‍ॅडमिट व्हायची वेळ, आणि हे सगळं परत परत. या सगळ्यात शरीर तुमचं आहे. दादासाठी करतेय म्हटलं की आई स्वतःला मोजतच नाही, म्हणून किती सायकलनंतर थांबायचं हे दोघांनी आत्ताच, शांत डोक्याने ठरवा आणि डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

वेळही लागतो. तुमच्या दोघांच्या आणि मुलाच्या रक्तावरून आधी टेस्टची तयारी करावी लागते, मग सायकल, मग नऊ महिने, आणि बाळ झालं की लगेच सगळं होतं असंही नाही. नाळेतलं रक्त जन्मतःच साठवता येतं, त्यात बाळाला सुई लागत नाही, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला ते एकटं बऱ्याचदा पुरत नाही, मग बाळाचं वजन साधारण दहा किलो होईपर्यंत थांबून कमरेच्या हाडातून मॅरो काढतात. म्हणजे आजपासून अडीच-तीन वर्षं धरा. तोवर दादाचं आयर्न आटोक्यात ठेवणं हे अख्ख्या प्लॅनमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, कारण लिव्हर खराब होऊन बसलं की जुळलेला मॅरो असूनही ट्रान्सप्लांटचा धोका वाढतो. फेरिटिन वाढतंय असं तुम्ही लिहिलंय, त्यासाठी या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा, बाळाचा निर्णय त्यानंतर झाला तरी चालेल.

आता दिरांचा प्रश्न. हा काही नवा नाही. 1990 मध्ये कॅलिफोर्नियात एका जोडप्याने ल्युकेमिया झालेल्या मुलीसाठी दुसरं मूल होऊ दिलं, तेव्हा भ्रूण तपासायची सोय नव्हती, जुळण्याची शक्यता चारात एक एवढ्यावरच त्यांनी भरवसा ठेवला. बाळ जुळलं आणि 1991 मध्ये त्याचा मॅरो मोठ्या बहिणीला दिला गेला. टीका प्रचंड झाली, अगदी तुमच्या दिरांच्याच शब्दांत. नंतर 2000 मध्ये कोलोरॅडोतल्या एका कुटुंबाने रक्ताचा आनुवंशिक आजार फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी भ्रूण निवडून मुलगा जन्माला आणला आणि काही आठवड्यांत त्याच्या नाळेतलं रक्त बहिणीला मिनेसोटात दिलं गेलं. आपल्याकडे 2018 मध्ये अहमदाबादच्या एका कुटुंबात थॅलेसेमिया असलेल्या भावासाठी अशी बहीण जन्मली आणि मार्च 2020 मध्ये तिचा मॅरो भावाला दिला. भारतातलं हे पहिलं उदाहरण म्हणून गाजलं, तुम्ही बहुतेक वाचलं असेलच.

पण मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ब्रिटनची आहे. तिथे भ्रूणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे, तिने 2001 मध्ये एका कुटुंबाला हो म्हटलं, त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया होता. 2002 मध्ये दुसऱ्या कुटुंबाला नाही म्हटलं, त्यांच्या मुलाला रक्ताचाच एक आजार, डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया होता आणि तो आईवडिलांकडून आलेला नव्हता. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या केसमध्ये भ्रूणाची तपासणी त्या भ्रूणाच्याही फायद्याची आहे, त्याला स्वतःला आजार नाही ना हे कळतं. दुसऱ्यात मात्र पेशी काढण्याचा धोका भ्रूणाने घ्यायचा आणि फायदा फक्त भावाला. ते कुटुंब शिकागोला गेलं, 2003 मध्ये बाळ झालं. 2004 मध्ये संस्थेने आपला नियम सैल केला, 2005 मध्ये पहिल्या कुटुंबाला दिलेल्या परवानगीविरुद्धची केस हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, जाऊन परवानगी कायदेशीर ठरली, आणि 2008 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की भावंडाचा आजार गंभीर हवा आणि बाळाकडून नाळेतलं रक्त, मॅरो, फार तर दुसरे टिश्यू घेता येतील, अख्खा अवयव नाही.

मला ही रेघ पटते. मॅरो काही आठवड्यांत परत भरून निघतो, किडनी नाही निघत. तुम्हीही ही रेघ घरात आजच ओढून ठेवा. कारण ट्रान्सप्लांट फेल गेला तर परत मॅरो मागायची वेळ येते, नंतर आणखी पेशी लागतात, आणि दर वेळी वाटतं की एवढं केलंय तर अजून थोडं. बाळ लहान असेपर्यंत ते नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने नाही म्हणायची ताकद असलेला माणूस घरात आणि हॉस्पिटलमध्ये असायला हवा, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. तुमच्या मनात प्रेम आहे की नाही याचा पुरावा कोणी मागत नाहीये. पण आईवडील एकाच वेळी आजारी मुलाचे आणि देणाऱ्या मुलाचे वकील नाही होऊ शकत, कितीही चांगले असले तरी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 मध्ये म्हणूनच सांगितलं की देणाऱ्या मुलासाठी स्वतंत्र माणूस नेमा, ज्याचा ट्रान्सप्लांट टीमशी संबंध नाही. ब्रिटनमध्येही लहान मुलाचा मॅरो घ्यायच्या आधी बाहेरचा तपासनीस सगळ्यांशी बोलून घेतो. आपल्याकडे असं कोणी आपोआप मिळेल अशी आशा धरू नका, तुम्हीच मागा. बाळाचे बालरोगतज्ज्ञ वेगळे ठेवा, दादाचे डॉक्टर तेच बाळाचे डॉक्टर नकोत, आणि त्यांना स्पष्ट सांगा की बाळाला भूल द्यायला योग्य नाही असं वाटलं तर तुम्ही बिनधास्त नाही म्हणायचं, आम्ही ऐकू.

खरं तर दिरांनाच विचारा ना. ज्यांना त्या न जन्मलेल्या बाळाची एवढी काळजी वाटली तेच त्याच्या बाजूने उभे राहायला सगळ्यात योग्य आहेत. हे मी मनापासून सांगतेय, त्यांना घराबाहेरचं समजू नका, विश्वासात घ्या.

आणि झोप लागत नाही त्याबद्दल. बाळ हवंय की मॅरो, याचं उत्तर रात्री अंधारात स्वतःला विचारून मिळणार नाही. त्यापेक्षा हा प्रश्न दोघं मिळून सोडवा: समजा सायकलनंतर निरोगी भ्रूण मिळाले पण एकही दादाशी जुळला नाही. तर त्यातला एक गर्भाशयात सोडून त्याचं बाळ होऊ देणार का? उत्तर हो असेल तर तुम्हाला मूल हवं आहे आणि ते जुळलं तर दादाचंही भलं होईल, इतकं साधं आहे. उत्तर नाही असेल तरी तुम्ही वाईट आई ठरत नाही, पण मग आधी थोडं थांबा, कारण जुळलेलं बाळ जन्मलं आणि ट्रान्सप्लांट फसला तर त्या बाळाकडे बघताना काय वाटेल हा प्रश्न तेव्हा फार जड जाईल. मॅच झालेल्या भावंडाचा ट्रान्सप्लांट थॅलेसेमियात बहुतेक मुलांमध्ये यशस्वी होतो, वय कमी आणि लिव्हर चांगलं असेल तर खूपच चांगला, पण त्यातही जीवाचा धोका असतो, आधी जुना मॅरो रिकामा करायला द्यावी लागणारी किमो जोरकस असते, आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. दादाच्या बाबतीत हे सगळं ऐकून मग हो म्हणा. उरलेल्या निरोगी भ्रूणांचं काय करायचं हेही सह्या करायच्या आधी बोला, आपल्या कायद्यात ते दहा वर्षांपर्यंत फ्रीज करून ठेवता येतात.

कायद्याचं म्हणाल तर 2021 च्या आयव्हीएफच्या कायद्यात भ्रूणाची तपासणी माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठी करायला परवानगी आहे. तुमच्या केसमध्ये थॅलेसेमिया आहेच, म्हणजे तपासणीला कारण आहे. एचएलएचा वेगळा उल्लेख त्या कलमात नाही, आणि मला वाटतं तो असावा, ब्रिटनसारखा अटींसकट, म्हणजे ज्या घरात ल्युकेमियासारखा आनुवंशिक नसलेला आजार आहे त्यांचं काय करायचं हे प्रत्येक क्लिनिकने आपापल्या मनाने ठरवायला नको.

सासूबाईंना मात्र एकच उत्तर, आणि ते प्रेमाने पण ठाम द्या. मुलगा की मुलगी हे निवडता येणार नाही, क्लिनिक सांगणारही नाही, सांगितलं तर गुन्हा आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये, देशाचा 1994 मध्ये आला आणि नंतर गर्भधारणेआधीची निवडही त्यात बंद झाली. हे कायदे का करावे लागले ते आपल्या पिढीच्या बायकांना सांगायला नको. शिवाय मॅरोला मुलगा-मुलगी कळत नाही, अहमदाबादच्या भावाला बहिणीनेच दिला. अशी बोलणी घरात सुरू झाली की मला भीती वाटते ती याचीच, की आजारासाठी उघडलेल्या दारातून बाकीच्या इच्छाही आत येतील, गोरा रंग, उंची, मुलगा. म्हणून दार कशासाठी उघडलंय हे तुम्हीच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला.

दुसरे रस्तेही विचारून घ्या. अर्ध्या जुळणाऱ्या आईवडिलांचा मॅरो देऊन होणारा ट्रान्सप्लांट, ज्याला हॅप्लो म्हणतात, तो आता बऱ्याच ठिकाणी होतो, धोका थोडा जास्त पण नऊ महिने थांबायला लागत नाही. जीन थेरपीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, अमेरिकेत जानेवारी 2024 मध्ये थॅलेसेमियासाठी जनुकात बदल करणारं क्रिस्परवालं औषध मंजूर झालं, पण तिथली किंमत 22 लाख डॉलर, आज आपल्या हाती नाही. पैशांसाठी थॅलेसेमिया बाल सेवा योजना बघा, कोल इंडियाच्या पैशातून ट्रान्सप्लांटला 10 लाखांपर्यंत मदत मिळते, उत्पन्नाची अट आहे. ती ट्रान्सप्लांटला आहे, आयव्हीएफला नाही, आयव्हीएफ आणि तपासणीचे काही लाख तुमचे तुम्हालाच उभे करावे लागतील.

मोठं झाल्यावर बाळाने विचारलं तर खरं सांगा. आणि विचारायची वाट बघू नका, चार-पाच वर्षांचं असतानाच घरात सहज बोला की तू झालीस तेव्हा दादा आजारी होता, तुझ्यातलं थोडं आम्ही त्याला दिलं. नातेवाइकांच्या तोंडून लग्नाच्या मांडवात कळण्यापेक्षा हे शंभरपट बरं. फक्त एक करा, वाढदिवसाला, शाळेत, पाहुण्यांसमोर "हिनेच दादाला वाचवलं" असं सारखं सारखं नका सांगू. कौतुक वाटतं, पण लहान मुलाच्या डोक्यावर त्याचं ओझं होतं, आणि दादाच्याही.

पत्र दुसरं

ताई, मी बारावीत आहे. नऊ वर्षांची असताना माझ्या लहान भावाला माझा बोन मॅरो दिला होता. तो नंतर वर्षभराने गेला. घरी कोणी मला काही बोललं नाही कधीच, पण मला अजून वाटतं की माझा मॅरो चांगला नव्हता. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.
— कोल्हापूर

उत्तर

बाळा, तुझा मॅरो चांगलाच होता, नसता तर डॉक्टरांनी घेतलाच नसता. मॅरो घ्यायच्या आधी देणाऱ्याची पूर्ण तपासणी होते, तुझी झाली असणारच. नंतर जे होतं ते घेणाऱ्याच्या शरीरात होतं, इन्फेक्शन होतं, मूळ आजार परत येतो, नव्या पेशी आणि जुनं शरीर यांचं जमत नाही, किमो सोसत नाही. यातलं एकही तुझ्या हातात नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीने भूल घेऊन कमरेत सुया सोसल्या, तुला करता येण्यासारखं होतं ते सगळं तू केलंस.

तुला जे वाटतं ते तुला एकटीलाच वाटतं असंही नाही. भावंडांना मॅरो दिलेल्या मुलांशी बोलून झालेल्या अभ्यासांत हे दिसलंय की अशी मुलं जास्त बेचैन असतात, स्वतःला कमी लेखतात, आणि घरचे बिचारे आजारी मुलात इतके बुडालेले असतात की देणाऱ्याला कसं वाटतंय हे विचारायचं राहून जातं. तुझ्या घरी कोणी बोललं नाही म्हणजे त्यांनी तुला दोष दिला असं नाही, बहुतेक त्यांना तो विषय काढवत नाही. आईला हे पत्र दाखव. बोलणं जमत नसेल तर नुसतं वाचायला दे. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट झाला तिथे काउन्सेलर किंवा सोशल वर्कर असतील, आईबाबांबरोबर त्यांच्याकडे जाऊन भावाच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते समजावून सांगायला सांग, कारण नेमकं काय झालं हे कळल्यावर मनातला हा संशय बराच निवळतो. बारावीचं वर्ष आहे म्हणून पुढे ढकलू नकोस. झोप, जेवण, अभ्यास यातलं काही बिघडलं असेल तर मला परत लिही, तुझं पत्र मी छापणार नाही, थेट उत्तर देईन.

पहिलं पत्र लिहिणाऱ्या ताई, तुम्हीही हे वाचाल म्हणून मी दोन्ही पत्रं एकाच अंकात घेतलीत.

पत्र तिसरं

ताई, माझं लग्न ठरलंय, होणाऱ्या बायकोच्या मावशीच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. आम्ही टेस्ट करावी का? घरचे म्हणतात उगाच शंका कशाला काढता.
— उल्हासनगर

उत्तर

करा, या आठवड्यात करा. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा अशा समाजांत मायनर लोकांचं प्रमाण जास्त आहे, महाराष्ट्रातल्या इतर समाजांतही आहे, आणि तुमच्याकडे तर नात्यातच पेशंट आहे. टेस्टचं नाव एचपीएलसी, त्यात एचबीए2 या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण बघतात, साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर मायनर धरतात. अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि फेरिटिन सोबत करा. एकच जण मायनर निघाला आणि दुसऱ्याचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल असला तर मुलांना मेजर होणार नाही. दोघंही निघालात तरी लग्न मोडायची काही गरज नाही, पण गरोदरपणाच्या 11-12 आठवड्यांच्या सुमारास वारेचा तुकडा काढून तपासणी होते, ती वेळ चुकवू नका, आणि त्याच्या आधी दोघांच्या रक्ताची डीएनए तपासणी करून ठेवा कारण तिचा रिपोर्ट यायला वेळ लागतो.